साडू म्हणतो थोतांड, मालक म्हणतो परमिट स्वस्तात पडलं

सुरतहून, पांडेसऱ्याच्या बाजूने एका वाचकाचं पत्र आलंय. मूळचे शिरपूर तालुक्यातले, एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये बॉयलर सुपरवायझर आहेत. पत्र मोठं आहे, कामापुरतं देते:

"ताई नमस्कार. आमच्या चिमणीला मीटर बसवलाय, किती धूळ बाहेर गेली ते प्रदूषण नियंत्रण बोर्डाला तिकडे बसल्या बसल्या दिसतं, आणि जेवढी धूळ तेवढे परमिट मिलकडे पाहिजेत, कमी पडले तर मालक बाजारातून घेतो. माझा साडू इथेच मार्केटला कापड दलाल आहे. तो म्हणतो, काय भो, पैसे भरा आणि धूर सोडा, हे तर पापाचं लायसन्स झालं. वरून म्हणतो ग्लोबल वॉर्मिंग थोतांड आहे, शास्त्रज्ञच सांगतात धूर कमी केला की उलट गरम होतं, मग कशाला तुमचे बॅग फिल्टर? मुलगी बारावी सायन्सला आहे, ती विचारते पप्पा तुमच्या फिल्टरने हवामान बदल थांबतो की नाही, मला उत्तर देता येत नाही. आणि घरी न सांगितलेली एक गोष्ट. महिनाअखेरीला परमिट कमी पडायला लागले की वरचे साहेब म्हणतात, प्रोबचं जरा बघून घे. प्रोब म्हणजे चिमणीतला मीटरचा सेन्सर, आकडा कमी दिसेल असं काहीतरी कर, हा त्याचा अर्थ मला कळतो. अजून केलं नाही, पण नोकरीची भीती वाटते. काय करू?"

भाऊ, नमस्कार.

मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात करते कारण तिने बरोब्बर नस पकडलीये. उत्तर आहे, नाही. तुमचा बॅग फिल्टर कापडी पिशव्यांतून धूर गाळून राख आणि धुळीचे कण धरतो, कार्बन डायऑक्साइड हा वायू आहे, तो पिशवीतून आरपार जातो. फिल्टर नवा कोरा असो नाहीतर फाटका असो, कोळसा जेवढा जळला तेवढा कार्बन डायऑक्साइड वर गेलाच. तिला वहीत हिशोब करून दाखवा: कार्बनचा अणुभार 12, कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार 44, म्हणजे 1 किलो कार्बन जळला की साधारण 3.67 किलो वायू. तुमच्या कोळशात निम्मा कार्बन धरला तरी 1 किलो कोळशामागे 1.8 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. कोळशापेक्षा त्याचा वायू जड कसा, असं सगळेच विचारतात, तर बाकीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं असतं. आता तुमच्या मिलमध्ये रोज किती टन कोळसा उतरतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये, गुणाकार तिलाच करू द्या.

म्हणजे एकाच चिमणीतून दोन वेगळ्या गोष्टी जातायत आणि साडूने दोन्हींची खिचडी केलीये. खरं सांगायचं तर पेपरवालेही करतात, त्यामुळे एकट्या साडूला काय बोलणार. धूळ खाली राहते, काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत पावसाने नाहीतर आपोआप खाली बसते, पण तेवढ्यात लिंबायत-उधन्यातल्या लोकांच्या छातीत जाते. कार्बन डायऑक्साइड नाकात गेलेला कळतही नाही, पण वर गेला की त्यातला बराचसा शेकडो वर्षं तिथेच राहतो आणि सुरतचा असो की शांघायचा, सगळ्या पृथ्वीवर सारखा पसरतो. सुरतच्या बाजारात जे परमिट विकलं जातं ते फक्त धुळीचं. तुमच्या मिलच्या कार्बनचा आज एक पैसाही कुणाच्या वहीत लागत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

आता साडूचा तो फॉरवर्ड, धूर कमी केला की गरम होतं. यात अर्धं खरं आहे, म्हणून तो इतका फिरतो. कोळशातल्या गंधकाचा जो वायू होतो त्याचे हवेत बारीक पांढुरके कण तयार होतात, ते ऊन परत फेकतात, त्यामुळे थोडी सावली पडते आणि तापमानवाढीचा काही भाग झाकला जातो. 2020 पासून जगभरच्या जहाजांच्या इंधनात गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली तेव्हा ही चर्चा परत जोरात झाली. पण बघा, सावलीची गरज पडली म्हणजे ऊन वाढलंय हे त्याच वाक्यात साडूने कबूल केलं की नाही? वॉर्मिंग थोतांड असेल तर धूर झाकतोय काय? शिवाय सगळी धूळ पांढरी नसते, काजळी उलटी ऊन शोषून तापते. आणि ही सावली रोज नव्याने सोडावी लागते, कार्बन मात्र साचत जातो, म्हणजे झाकायचं तर दरवर्षी जास्त धूर आणि जास्त खोकला. असला सौदा कापड दलाल तरी करेल का, विचारा त्याला.

थोतांडाचं म्हणाल तर हे विज्ञान काल-परवाचं नाहीये. 1856 मध्ये युनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईने काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापते हे लिहून ठेवलं, आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे रेल्वे सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. मग 1859 पासून जॉन टिंडलने कोणता वायू किती उष्णता अडवतो ते मोजलं, 1896 मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियसने हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित हाताने केलं. कुणाला फंडिंग मिळवायचं होतं तेव्हा? 1958 पासून हवाईच्या मौना लोआ डोंगरावर हवेत हा वायू किती आहे याचं मोजमाप चालू आहे, सुरुवातीला दहा लाख भागांत 315 भाग होते, आता 420 च्या वर गेलेत. कारखानदारीच्या आधी 280 च्या आसपास होते, हे बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळतं.

"सूर्यच जास्त तापलाय" हे साडूचं पुढचं वाक्य असणार, मी आत्ताच सांगते. उपग्रहांनी 1978 पासून सूर्याची ऊर्जा मोजलीये, ती अकरा वर्षांच्या चक्रात खालीवर होते पण वाढत गेलेली नाहीये. आणि सूर्यामुळे असतं तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते, प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा स्ट्रॅटोस्फियर थंड होतोय. अंगावर जाड गोधडी घेतली की आत उबारा आणि गोधडीची बाहेरची बाजू गार, तसं. ज्वालामुखी म्हणाला तर सगळे ज्वालामुखी मिळून आपण जे सोडतो त्याच्या एक टक्क्याहूनही कमी सोडतात. शिवाय जुन्या कोळशा-तेलातल्या कार्बनची समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंची) ओळख वेगळी असते, हवेत तीच वाढताना दिसतीये, ही गोष्ट बारावीच्या मुलीला आवडेल.

फक्त एक करा, वाद घालताना प्रत्येक गोष्ट हवामान बदलावर ढकलू नका. 2006 चा तापीचा पूर घ्या, त्यात उकाई धरणातून कधी आणि किती पाणी सोडलं हा मोठा प्रश्न होता. भुसावळ-जळगाव तर आपल्या आजोबांच्या काळातही तापायचंच. तिथे साडू तुम्हाला पकडेल आणि बरोबर पकडेल. 2024 हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात गरम वर्ष होतं, कारखानदारीच्या आधीच्या पातळीपेक्षा साधारण दीड अंशाने वर, आणि एक अंश तापलेली हवा सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते, एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

आता पापाचं लायसन्स. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, मला स्वतःलाही पहिल्यांदा ऐकल्यावर असंच वाटलं, कुणालाही वाटेल. पण आधी काय होतं ते तुम्ही बघितलंय. नियम होता की एक घनमीटर हवेत 150 मिलिग्रॅमच्या वर धूळ नको. ती चिमणी दिवसात किती तास चालते, महिन्यात एकूण किती किलो गेली, याचा हिशोबच नव्हता. इन्स्पेक्टर कधीतरी येणार, त्या दिवशी बॅग फिल्टर चालू, धूर चिमणीकडे ओढणारा आयडी फॅन फुल, सगळं चकाचक, तो गेला की धूर परत फिल्टरला बायपास करून थेट चिमणीत, कारण फिल्टर चालवायला वीज लागते, पिशव्या बदलायला पैसे लागतात आणि न चालवण्याला काहीच लागत नाही. मशीन घेतलेलं असतं हो, चालवत नाहीत! आणि बोर्डाच्या हातात तेव्हा शिक्षा कोणती, तर मिल बंद करा नाहीतर फौजदारी केस करा, एवढी मोठी काठी की ती उचलायलाच कुणी धजत नव्हतं, मग नोटिसांवर नोटिसा.

सुरतमध्ये 2019 मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने जे केलं तो धुळीच्या कणांचा, मीटरने मोजून चालणारा, जगातला पहिला बाजार मानला जातो. मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे, निकोलस रायन आणि अनंत सुदर्शन हे अर्थशास्त्रज्ञ त्यात होते. 317 कारखान्यांना चिमणीचे मीटर, त्यातल्या साधारण निम्म्यांना चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून बाजारात घातलं आणि बाकीच्यांना जुनेच नियम ठेवले, म्हणजे नंतर तुलना करता येईल. बाजारात असलेल्या सगळ्यांची मिळून महिन्याची मर्यादा सुरुवातीला 280 टन, ती पुढे आवळत नेली. 1 परमिट म्हणजे 1 किलो धूळ. 80 टक्के परमिट फुकट वाटले, उरलेले लिलावात. किंमत किलोला 5 रुपयांच्या खाली जाऊ द्यायची नाही आणि 100 च्या वर नाही, आणि परमिट नसताना धूळ सोडली तर अनामत रकमेतून त्या 100 च्या दुप्पट दराने कापायचे.

आता खरी गोम इथे आहे. समजा तुमच्या मिलला एक किलो धूळ कमी करायला 8 रुपये लागतात कारण फिल्टर आधीच आहे, फक्त नीट चालवायचाय. शेजारच्या जुन्या मिलला तेच करायला 40 रुपये लागतात कारण त्यांच्याकडे नुसता सायक्लोन आहे, म्हणजे धूर गरगर फिरवून जाडी धूळ तेवढी खाली पाडणारं साधं यंत्र. आणि परमिटचा भाव 15. तुम्ही जास्त धूळ धरणार आणि उरलेले परमिट विकणार, तो विकत घेणार. तो पैसे भरून सोडतोय हे खरं, पण त्याने घेतलेला प्रत्येक किलो कुणीतरी आधी धरलाय, एकूण आकडा मर्यादेच्या वर जात नाही. नुसता एकरकमी दंड असता आणि तो फिल्टर चालवण्यापेक्षा स्वस्त पडला असता तर दोघंही दंड भरून मोकळे आणि धूळ तेवढीच, तिथे साडूचं लायसन्स बरोबर लागू पडलं असतं. निकाल असा आला की बाजारातल्या कारखान्यांची धूळ बाकीच्यांपेक्षा 20 ते 30 टक्क्यांनी कमी झाली आणि धूळ कमी करायचा त्यांचा खर्चही कमी पडला. परमिटचा हिशोब 99 टक्के वेळा पूर्ण झाला, आणि जुन्या नियमातल्या कारखान्यांनी साधारण एक तृतीयांश वेळा मर्यादा मोडली होती. ज्या देशात हेल्मेटचा नियम पोलीस दिसेपर्यंतच असतो तिथे 99 टक्के!

तरी एका जागी साडूचं ऐका. धूळ जिथे पडते तिथे त्रास देते. परमिट विकत घेणारी मिल नेमकी वस्तीला चिकटून असेल तर शहराची एकूण धूळ कमी झाली याचं त्या चाळीतल्या लोकांना काय? धुळीच्या बाजारातली ही अडचण खरी आहे आणि त्यावर वस्तीजवळच्या मिलना वेगळी कडक मर्यादा हाच उपाय मला दिसतो. कार्बनला मात्र हे लागू नाही, तो कुठूनही कमी झाला तरी सारखाच, त्यामुळे असा बाजार धुळीपेक्षा कार्बनला जास्त शोभतो. युरोपात तो 2005 पासून चालूच आहे. अमेरिकेत 1995 पासून वीजकेंद्रांच्या गंधकाच्या वायूचा असाच बाजार होता आणि त्याने आम्लपाऊस कमी करायला चांगलीच मदत केली.

आपल्याकडे कार्बनचं काय? 2010 मध्ये कोळशावर टनाला 50 रुपये सेस लावला, वाढवत वाढवत 2016 मध्ये 400 केला, स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून. 2017 मध्ये जीएसटी आला आणि हा पैसा राज्यांच्या नुकसानभरपाईत गेला. सप्टेंबर 2025 मध्ये सेस काढून टाकला, कोळशाचा जीएसटी 5 वरून 18 टक्के केला, ऐकायला वाढ वाटते पण जीएसटीचं क्रेडिट मिळू शकतं, सेसचं मिळत नव्हतं, तेव्हा तुमच्या मालकाच्या अकाउंटंटला विचारा कोळसा खरा महाग झाला की स्वस्त. दुसरीकडे केंद्र सरकारने 2023 मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम आणलीये, त्याच्या क्षेत्रांच्या यादीत टेक्सटाइलही आहे, पण ती मोठ्या युनिटसाठी, आणि तिथे एकूण मर्यादा नाही, एका नगामागे किंवा टनामागे किती कार्बन एवढंच बघतात. म्हणजे उत्पादन दुप्पट झालं तर एकूण कार्बन वाढला तरी चालतं. सुरतच्या धुळीच्या बाजारापेक्षा हे ढिलं आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमची खरी अडचण. प्रोबला हात लावू नका, भाऊ. नीतीमत्तेचं सोडा, ते तुम्हाला मी शिकवायची गरज नाही, पत्रातच दिसतंय. व्यवहार बघा. असं काही पकडलं गेलं तर साहेबांचं "बघून घे" कुठेही लिहिलेलं नसतं आणि शिफ्टच्या रजिस्टरवर सही तुमची असते. डेटा मध्येच तुटला तरी फायदा नाही, या स्कीममध्ये रिकाम्या वेळेला जास्तीचा आकडा धरतात. त्यामुळे परत कधी बोलले तर तोंडावर नाही म्हणायच्या ऐवजी एवढंच म्हणा, "साहेब, कॅलिब्रेशनची शंका असेल तर मीटर कंपनीला मेल टाका, इंजिनिअर बोलवू, मी समोर थांबतो." मेल कुणी टाकणार नाही, विषय तिथेच बसेल. आणि फिल्टरचं डीपी रीडिंग (पिशव्यांच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक), पिशव्या कधी बदलल्या, बायपास डॅम्पर कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून उघडला, हे लॉगबुकात वेळेसकट लिहा आणि पानाचा फोटो स्वतःकडे ठेवा. भांडायला नाही, स्वतःच्या बचावाला.

पण नुसतं नाही म्हणून महिनाअखेरीचे परमिट काही उगवणार नाहीत, मालकाला दुसरं काहीतरी दाखवावं लागेल, आणि इथे तुमच्या हातात पुष्कळ आहे. पिशव्यांपासून सुरुवात करा. डीपी अचानक पडला तर पिशवी फाटलीये, चढत गेला तर चोक झालीये किंवा पिशव्या झटकणारी पल्सिंगची हवा कमी पडतीये. दोन-चार फाटक्या पिशव्या सगळ्या चेंबरची मेहनत पाण्यात घालवतात. त्यानंतर कोळसा. जो कोळसा जाळलाच नाही त्याची धूळही नाही आणि कार्बनही नाही, दोन्ही बाजू सांभाळणारी ही एकच जागा आहे आणि म्हणूनच मुलीला सांगायचं खरं उत्तरही हेच. जेट मशीनकडून, ड्रायिंग सिलिंडरकडून येणारं कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं गरम पाणी, किती परत येतं आणि किती गटारात जातं ते बघा. फीड वॉटर, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, 6 अंशांनी जास्त गरम आत गेलं की साधारण 1 टक्का इंधन वाचतं, ऊर्जा ऑडिटवाल्यांचा हा जुना हिशोब आहे. स्टीम ट्रॅप (वाफ अडवून नुसतं पाणी सोडणारे व्हॉल्व्ह) उघडे अडकून राहिलेत का ते दुपारी एक फेरी मारून बघा, ज्या ट्रॅपच्या मागून सतत जिवंत वाफ येते तो मालकाचे पैसे गटारात सोडतोय. व्हॉल्व्ह-फ्लँजना इन्सुलेशन नसतं, मेंटेनन्सवाले एकदा काढतात आणि परत लावत नाहीत, सगळ्या मिलमध्ये हेच.

हे सगळं घेऊन मालकाकडे जाताना पर्यावरण हा शब्दही काढू नका. एका कागदावर तीन आकडे: एवढा कोळसा वाचेल, एवढे परमिट वाचतील, खर्च एवढा. सुरतचा मालक आहे, आकडे वाचायला त्याला दहा सेकंद लागतील. आणि लाजू नका, त्याच वेळी म्हणा की तीन महिन्यांत एवढे परमिट उरले तर बॉयलर खात्याला त्यातून काहीतरी द्या, फायरमनपासून. परमिटचा भाव मालकाला कळतो, पण फिल्टर खरा चालतो फायरमनच्या हाताने, आणि त्याला त्यातून काही मिळत नसेल तर रात्रीच्या पाळीला काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. मालक नाही म्हणेल कदाचित पहिल्यांदा. उरलेल्या परमिटचे पैसे खात्यात दिसले की परत विचारा.

साहेबांनी तरीही जोर केला तर घाईने राजीनामा देऊ नका आणि तक्रारीचीही घाई नको, आधी थेट मालकाला भेटा, बऱ्याचदा हे मधल्या माणसाचे उद्योग असतात आणि मालकाला धोका किती आहे ते माहीतही नसतं. मालकच सामील निघाला तर मात्र दुसरीकडे बोलणी सुरू करा. पांडेसरा, सचिन, पलसाणा, चांगला बॉयलरवाला सगळ्यांनाच हवा असतो.

राख काढताना तुम्ही आणि तुमची माणसं तोंडाला रुमाल बांधता, बरोबर? रुमालाने बारीक कण अडत नाहीत. एन-95 मास्क मागून घ्या, त्या कागदावर चौथा आकडा म्हणून लिहा, तो सगळ्यात स्वस्त आहे. आणि कंडेन्सेट टाकीचं टेंपरेचर सध्या किती दाखवतंय ते मला कळवा, पुढचा हिशोब आपण मिळून करू.